लहानशा स्प्रिंगची चतुःसीमा

अवजार मोडतें तें बहुधा त्याच्या लहानशा भागापाशीं. नांगराचा फाळ वर्षानुवर्षें टिकतो, पण एक बोल्ट ढिला झाला कीं औत उभें राहतें. फवारणीच्या पंपाची टाकी शाबूत असते, पण खटक्यांतील बोटभर स्प्रिंग गेली कीं सारा पंप अडगळींत पडतो. असा भाग बाजारांत तयार मिळाला तर ठीक. परंतु एखाद्या शेतकऱ्यानें स्वतःच्या कल्पनेनें लहानसें अवजार योजिलें आणि त्यास लागणारी स्प्रिंग कोठेंच तयार मिळेना, तर ती करवून घ्यावी कोणाकडून? हा प्रश्न आम्हांस पडला होता. त्याचें उत्तर मिळेपर्यंत आमचा एक हंगाम हातचा गेला. तसा प्रसंग इतर बांधवांवर येऊं नये म्हणून झालेली हकीकत व तींतून मिळालेलें ज्ञान येथें मांडीत आहों.

गरज कशी उत्पन्न झाली

मक्याची टोकण करणाऱ्यांस हिशेब ठाऊक आहेच. दोन ओळींत ६० सेंटिमीटर व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर धरिलें, तर एका एकरांत सुमारें ३३,७०० ठिकाणीं दाणा टाकावा लागतो. आमचा मका दीड एकर. म्हणजे पन्नास हजारांवर टोकणी. आमच्या घरांतील मंडळी व दोन बाया मिळून हें काम करीत, आणि तें संपल्यावर आठ आठ दिवस त्यांच्या कमरेस शेक द्यावा लागे. सरकारी कचेरींत खुर्चीवर बसून आयुष्य काढलेल्या आम्हांस निवृत्तीनंतर प्रथमच हें काम जवळून पाहावयास मिळालें, व त्याची थोडी लाजही वाटली.

उभ्यानें टोकण करण्याचीं हातयंत्रें बाजारांत आहेत. त्यांची रचना साधी असते. एक उभी नळी, तिच्या तळाशीं लोखंडी चोंच. दांडा दाबला म्हणजे मिटलेली चोंच जमिनींत शिरते, आंतील खटका दबून ती उघडते व दाणा पडतो. दांडा वर उचलतांच स्प्रिंग चोंच पुन्हां मिटविते. आम्हीं असें एक यंत्र विकत आणिलें. दोन दिवस तें बरें चाललें. तिसऱ्या दिवशीं स्प्रिंग बसली, चोंच अर्धवट उघडी राहूं लागली, तींत काळी माती भरली आणि दाणा कधीं दोनदां, तर कधीं मुळींच पडेना. तेव्हां चोंच अरुंद करावी व स्प्रिंग चांगल्या पोलादाची घालावी, असें आमच्या मनानें घेतलें. चोंच गांवांतच झाली. अडलें तें स्प्रिंगपाशीं.

दोन फसलेले प्रयत्न

प्रथम आम्ही गांवच्या लोहाराकडे गेलों. त्यानें कुंपणाची तार सळईवर गुंडाळून स्प्रिंग करून दिली. ती दाबली तशी दबूनच राहिली. कुंपणाची तार मऊ लोखंडाची असते. ती वांकते, पण मागें फिरत नाहीं. मग त्यानें मोडक्या सायकलच्या बैठकींतील स्प्रिंग भट्टींत लाल करून उलगडली व नव्यानें वळली. तिचीही तीच गत झाली. स्प्रिंगच्या तारेचा ताठरपणा ती तार थंड स्थितींत ओढतांना किंवा पाणी देतांना आलेला असतो. एकदां ती लाल केली कीं तो ताठरपणा जातो. लोहाराचा हात वाईट नव्हता. काम त्याच्या भट्टीबाहेरचें होतें.

नंतर एका शहराच्या औद्योगिक वसाहतींत आम्ही चार कारखाने फिरलों. एकानें "ड्रॉइंग पाठवा" म्हणून वाटेस लाविलें. दुसऱ्यानें "किती हजार नग?" असें विचारिलें व आम्हीं वीस म्हणतांच तो हंसला. तिसऱ्याच्या दारावरून पहारेकऱ्यानेंच परत फिरविलें. चौथ्यानें मात्र आगाऊ पैसे घेऊन पंधरा दिवसांत पन्नास स्प्रिंगा दिल्या. त्यांवर जस्ताचा पांढरा मुलामा होता व त्या दिसावयास चांदीसारख्या होत्या. आम्ही हर्षभरित होऊन घरीं आलों.

सन २०२२ च्या खरिपांत वाफसा आला तेव्हां आम्हीं तीन दांडे शेतांत उतरविले. पहिल्या प्रहरींच दोन स्प्रिंगा तडकन् तुटल्या. बदलल्या, तोंच आणखी एक तुटली. पेटी उघडून पाहतों तों न वापरलेल्या स्प्रिंगांपैकींही दोन पडल्या पडल्या तडकलेल्या! दुरुस्तींत व धांवपळींत तीन दिवस गेले, चौथ्या दिवशीं पाऊस लागला, आणि निम्म्या रानांत टोकण दहा दिवसांनीं उशिरां झाली. उगवण मागेंपुढें झाली. कांहीं रुपयांच्या स्प्रिंगनें वाफसा घालविला. घरांतील मंडळी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं खुरपें घेऊन वांकून टोकूं लागल्या, तें मात्र आम्हांस बोलण्याहून अधिक लागलें.

त्या स्प्रिंगा कां तुटल्या याचें कारण पुढें समजलें. कठीण पोलादावर विजेच्या साह्यानें जस्त चढवितांना हायड्रोजन वायु पोलादांत शिरतो व तें ठिसूळ होतें. यासाठीं मुलामा दिल्यावर लगेच सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेंत तो माल कांहीं तास ठेवून वायु बाहेर काढावा लागतो. हें न केल्यास स्प्रिंग वर चकचकीत दिसते व आंतून दगा देते. कारखानदारानें ही कृति गाळली असावी. पण दोष आमचाही होता. आम्हीं त्यास स्प्रिंगचा एक नमुना दाखवून "अशीच, जरा कडक" एवढेंच सांगितलें होतें.

चार सीमा

पुढें एका परिचितानें दुसऱ्या गांवच्या, केवळ स्प्रिंगाच करणाऱ्या एका लहान कारखान्याचा पत्ता दिला. तेथील वृद्ध मिस्त्रींनीं आमची तुटलेली स्प्रिंग हातांत घेतली व म्हणाले, "भाऊसाहेब, जरा कडक म्हणजे किती किलो?" आम्ही निरुत्तर झालों. ते पुढें म्हणाले, "तुम्ही महसुलांत होतां. कोणी येऊन म्हणाला, माझी ओढ्याकडची जमीन नांवावर लावा, तर लावाल? गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा विचाराल ना? स्प्रिंगचेंही तसेंच आहे."

हे शब्द आमच्या मनांत खोल रुजले. मिस्त्रींनीं त्या दिवशीं स्प्रिंगच्या ज्या चार सीमा सांगितल्या, त्या अशा.

पहिली सीमा जागेची. स्प्रिंग कोणत्या नळींत किंवा कोणत्या दांडीवर बसावयाची, तिचा आंतील व बाहेरील व्यास किती चालेल. स्प्रिंग दाबली असतां तिचा व्यास किंचित् वाढतो. म्हणून नळींत मोकळीक ठेवावी लागते.

दुसरी सीमा लांबीची. मोकळी असतांना लांबी किती, यंत्रांत बसविल्यावर किती, व पूर्ण दाब आल्यावर किती. वेढ्यास वेढा भिडेपर्यंत स्प्रिंग रोज दाबली जाईल अशी रचना कधींही करूं नये.

तिसरी सीमा जोराची. वरील दोन्ही लांबींस स्प्रिंगनें किती किलो जोर द्यावा. हा जोर घरीं काढतां येतो. आम्हीं चोंच पुरती मिटून राहण्यास किती जोर लागतो तें ताणकांट्यानें पाहिलें. सुमारें पांच किलो भरला. उघडतांना दहा किलोंपेक्षां अधिक जोर झाला तर बायांचे हात भरून येतात, हें शेतांत पाहिलेंच होतें.

चौथी सीमा आयुष्याची. स्प्रिंग किती वेळां दबणार, व कोठें: पाण्यांत, मातींत, खताजवळ कीं कोरड्यांत. एकरीं ३३,७०० हा आंकडा येथें कामास आला. तीन एकर म्हणजे एक लाख दाब, हें ऐकतांच मिस्त्रींनीं तारेची जातच बदलली. भारतीय मानक ४४५४ मध्यें स्प्रिंगच्या तारेच्या प्रती दिलेल्या आहेत. स्थिर भाराच्या निराळ्या, पुनःपुन्हां येणाऱ्या भाराच्या निराळ्या. आमच्या कामास दुसऱ्या वर्गांतील डी.एच. ही प्रत त्यांनीं लिहिली.

या चार सीमा ठरल्या कीं बाकीचें काम गणिताचें आहे. बीजगणिताशीं आमची ओळख मराठी शाळेपुरतीच. तरीही त्यांतील मर्म समजलें तें सांगतों. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घातानें कमी होतो, व जितके काम करणारे वेढे अधिक तितका घटतो. म्हणजे २ मिलिमीटर तारेऐवजीं २.२ मिलिमीटर तार घेतली तर कडकपणा एकदम जवळजवळ दीडपट होतो! वेढ्याचा व्यास १६ चा २० मिलिमीटर केला तर तो जवळजवळ निम्मा होतो. "जरा जाड तार घाला" हें सांगणें किती धोक्याचें आहे तें यावरून ध्यानांत येईल.

आमच्या स्प्रिंगची नोंद शेवटीं अशी झाली: तार २ मिलिमीटर, वेढ्याचा मध्यव्यास १६, बाहेरील व्यास १८, नळीचा आंतील व्यास २०, काम करणारे वेढे ८ व दोन्ही टोकांस मिटलेला एकेक, एकूण १०, टोकें घासून सपाट, मोकळी लांबी ६०, बसविल्यावर ५०, तेव्हां जोर सुमारें ५ किलो, दाबल्यावर ४०, तेव्हां जोर सुमारें १० किलो. एका कागदावर मावणारी ही नोंद. पण ती हातांत आल्यापासून आम्हांस कोणी दारावरून परत फिरविलें नाहीं.

कारखाना कोणता गांठावा

आमचें पहिलें सांगणें असें कीं, स्प्रिंगवर ज्याचें सारें चालणें अवलंबून आहे अशा वस्तूसाठीं प्रथम स्प्रिंग करणारा गांठावा. सांगाडा, नळी, मूठ हीं कामें करणारे नंतर. सांगाडा अर्धा मिलिमीटर चुकला तर कानसीनें सुधारतो. स्प्रिंग चुकली तर सर्व चुकतें.

याचें एक उत्तम उदाहरण इंग्लंडांत घडलेलें आहे. मोटारगाड्यांच्या स्प्रिंगांचा अभ्यास केलेले जॉर्ज कार्वर्डाइन या अभियंत्यांनीं सन १९३२ मध्यें, हवा तसा वांकवितां येईल व सोडला तेथेंच राहील, असा स्प्रिंगांच्या तोलावर उभा राहणारा मेजावरील दिवा योजून त्याचें पेटंट घेतलें. आरंभीं त्यांनीं तो बाथ शहरांतील आपल्या लहानशा कारखान्यांतच केला. मागणी आवाक्याबाहेर जाऊं लागली तेव्हां सन १९३४ मध्यें त्यांनीं तो करण्याचा परवाना रेडिच येथील हर्बर्ट टेरी यांच्या कंपनीस दिला. ही कंपनी दिव्यांची नव्हे, स्प्रिंगांची होती. तोच दिवा पुढें 'अँगलपॉइज' या नांवानें जगभर गेला. वस्तूचा प्राण ज्या भागांत आहे, त्या भागाचा जाणकार त्यांनीं निवडला.

आपल्याकडे मोटारी व यंत्रें यांच्या सुट्या भागांचे कारखाने जेथें आहेत, तेथें स्प्रिंगवालेही असतात: पुण्याकडे भोसरी व पिंपरी-चिंचवड, नाशकास सातपूर व अंबड, कोल्हापुरास शिरोली व गोकुळ शिरगांव, छत्रपती संभाजीनगरास वाळूज. मोठ्या कारखान्यांचीं स्वयंचलित यंत्रें हजारोंच्या मालासाठीं जुळविलेलीं असतात. वीस नगांसाठीं तीं थांबविणें त्यांस परवडत नाहीं, व त्यांत त्यांचा अपमान करण्याचा हेतु नसतो. नमुन्यासाठीं लहान कारखाना बरा, जेथें लेथवर किंवा हातानें तार गुंडाळतात. तेथेंही दर नगामागें भाव अधिक पडेल, कारण यंत्र जुळविण्याची मजुरी वीस नगांवरच वांटली जाते. ती देण्यास कुरकुर करूं नये. नमुन्याचा भाव हा शिक्षणाचा भाव आहे.

योग्य माणूस ओळखण्याची खूण आम्हांस अशी आढळली: जो लगेच भाव सांगतो तो सोडावा, जो प्रश्न विचारतो तो धरावा. आपणही त्यास तीन प्रश्न विचारावे. तार कोणत्या प्रतीची व तिचा दाखला मिळेल काय? गुंडाळल्यावर स्प्रिंगेस मंद उष्णता देतां काय? (गुंडाळतांना तारेंत ताण सांठतो, सुमारें २०० ते २५० अंशांवर अर्धा तास ठेविल्यानें तो निवतो.) आणि मुलामा देत असाल तर त्यानंतर भाजतां काय? आम्हीं मुलामा टाळून तेलकट काळी स्प्रिंगच घेतली व हंगामापूर्वीं ग्रीस लाविण्याचें ठरविलें. सदैव पाण्यांत राहणाऱ्या कामास स्टेनलेस पोलादाची तार बरी. ती महाग, पण मुलाम्याची कटकट नाहीं.

नमुना व परीक्षा

मिस्त्रींनीं वीस स्प्रिंगा करून दिल्या. तार सळईवर गुंडाळून सोडली कीं ती थोडी उलगडते. म्हणून सळई हव्या त्या व्यासाहून बारीक घ्यावी लागते, आणि ती किती बारीक घ्यावी हें दोन चार नग वायां घालवूनच ठरतें. वीस नगांपैकीं तीन त्यांनीं स्वतःच बाजूस काढिले.

आणलेला माल तसाच शेतांत नेण्याची चूक आम्हीं पुन्हां केली नाहीं. प्रत्येक स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून वहींत लिहिली. नंतर ती तीन वेळां पूर्ण दाबून पुन्हां मोजली. मग एका लांकडी तरफेखालीं दोन स्प्रिंगा बसवून पडवींत नातवंडांस खेळ म्हणून दाबावयास दिल्या. मिनिटास साठ दाब धरिले तर दहा हजार दाबांस पावणेतीन तास लागतात. तीन संध्याकाळींत काम झालें. लांबी अर्ध्या मिलिमीटरानें उणी झाली, त्यापुढें घटली नाहीं. तेव्हां कोठें आमचा जीव भांड्यांत पडला.

अशी परीक्षा अधिक नीट करवून घ्यावयाची असेल तर राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांच्या अवजार विभागांकडे चौकशी करावी. ग्रामीण शोधकांच्या कल्पनांस साह्य करण्यासाठीं सन २००० मध्यें गुजरातेंत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झालेलें आहे. नमुने व साचे करण्यासाठीं छत्रपती संभाजीनगर येथें इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे.

हक्क व लेखी करार

आपली कल्पना कोणी चोरील ही भीति प्रत्येकास असते. त्याविषयीं थोडें. पेटंटचा भारतीय कायदा सन १९७० चा आहे. केवळ शेती करण्याची पद्धति त्याखालीं येत नाहीं. परंतु नवें अवजार येऊं शकतें. पूर्ण वर्णन तयार नसेल तर प्रथम तात्पुरता अर्ज देतां येतो, व बारा महिन्यांच्या आंत संपूर्ण अर्ज द्यावा लागतो. हक्क मिळाल्यास तो अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें असतो. ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, अर्ज देण्यापूर्वीं वस्तु चारचौघांत मांडली किंवा विकली तर नवेपणाचा दावा बहुधा बुडतो. सबब शेतकरी मेळाव्यांत मिरविण्याच्या आधीं विचार करावा. महाराष्ट्रासाठीं पेटंट कचेरी मुंबईस आहे.

आमच्या दांड्यांत तसें नवें फारसें नव्हतें. स्प्रिंगच्या चोंचीचीं यंत्रें पूर्वींपासून आहेत. म्हणून आम्हीं अर्ज केला नाहीं. मात्र कारखान्याशीं एक पानाचा करार केला: नोंदीचा कागद तारखेसह दोघांच्या सहीचा, मान्य फरक किती (आमच्यांत जोरांत शेंकडा दहापर्यंत), माल नोंदीप्रमाणें नसल्यास परत, आमच्या पैशानें केलेला साचा कोणाचा, आणि पैसे अर्धे आधीं, अर्धे तपासणीनंतर. चौदा ओळींचा हा कागद पहिल्या वेळीं केला असता तर पन्नास स्प्रिंगांचे पैसे तरी परत मागतां आले असते.

निष्पत्ति

सन २०२३ च्या खरिपांत पाऊस उशिरां आला, पण वाफसा मिळतांच तिन्ही दांडे चालले. दीड एकराची टोकण उभ्यानें झाली. एकही स्प्रिंग तुटली नाहीं, एकीसही बदलावें लागलें नाहीं. सर्व दोष गेले असें मात्र नव्हे. ओल अधिक असली म्हणजे चोंचीस काळी माती अजूनही चिकटते व ती मधून मधून पुसावी लागते. त्यावर उपाय सांपडलेला नाहीं. संध्याकाळीं आम्हीं मोठ्या उत्सुकतेनें घरांतील मंडळींस विचारिलें, तेव्हां उत्तर मिळालें, "कंबर नाहीं दुखत आतां. तळहात दुखतो. मुठीला कांहीं गुंडाळा." आम्हीं सायकलची जुनी ट्यूब कापून मुठीस बसविली. ही सुधारणा मात्र कोणत्याही कारखान्यावांचून झाली.

शेतकऱ्याच्या मनांत सुचलेल्या अनेक चांगल्या युक्त्या केवळ करणारा न भेटल्यामुळें मनांतच राहतात. करणारे पुष्कळ आहेत. त्यांस आपली गरज मापांत सांगणारे थोडे आहेत. तरी बांधवांनीं कारखान्याची वाट धरण्यापूर्वीं एक संध्याकाळ खर्चावी, ताणकांटा व फूटपट्टी घ्यावी, आणि आपल्या लहानशा स्प्रिंगची जागा, लांबी, जोर व आयुष्य या चार सीमा एका कागदावर मांडाव्या. मोजणी झालेल्या जमिनीचा व्यवहार जसा सुखाचा होतो, तसा हाही होईल, असा आमचा अनुभव आहे. चोंचीस माती न चिकटण्याचा उपाय कोणा वाचकास ठाऊक असल्यास त्यांनीं तो या मासिकाकडे अवश्य लिहून कळवावा, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.